कोंबडी काय खात होती? आयकमन यांचा शोध आणि आपले परसू

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या घरांत परसातली कोंबडी अर्धी घरातलीच असते. सकाळी खुराडे उघडले की ती मागच्या दाराशी येऊन उभी राहते. कणी टाकायला उशीर झाला तर उंबरा ओलांडून आत येते. मुलांनी तिला एखादे नाव दिलेले असेल, तर कोंबडी-वड्यांच्या हिशेबातून ती कायमची सुटते.

अशी एखादी लाडकी कोंबडी एके दिवशी उठत नाही. पाय पोटाशी दुमडून बसून राहते. उभी केली तर कोलमडते. मान मागे झुकते आणि चोच आभाळाकडे लागते. मग घरात दोन पक्ष पडतात. मोठ्यांचे म्हणणे असते की रोग आला, बाकीच्यांना लागायच्या आत कापून टाका. मुले म्हणतात, डॉक्टरकडे न्या. मुलांचे ऐकले, तर टोपलीत कोंबडी घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे लागते. तिथे गाई, शेळ्या आणि कुत्र्यांच्या रांगेत एका कोंबडीसाठी बसताना माणसाला थोडे ओशाळल्यासारखे होते. नंबर आल्यावर डॉक्टर तिचा तुरा, डोळे, पाय पाहतात आणि विचारतात, गेला महिनाभर ही काय खात होती?

प्रश्न अगदी साधा आहे. पण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जावा बेटावर एका डच डॉक्टरांनी तो आपल्या आजारी कोंबड्यांबद्दल विचारला आणि त्यातून माणसाचा एक जीवघेणा आजार उलगडला. त्या डॉक्टरांचे नाव ख्रिस्तियान आयकमन. पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जीवनसत्त्वांची कल्पना ज्या शोधांवर उभी राहिली, त्यांत त्यांच्या कोंबड्यांचा वाटा मोठा आहे. ही गोष्ट दूरच्या बेटावर घडली, तरी तिच्यातले भात, कोंडा, कोंबड्या आणि मूग आपल्या परसातलेच आहेत.

आयकमन यांचा जन्म 11 ऑगस्ट 1858 रोजी हॉलंडमधल्या नायकर्क या गावी झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आणि ख्रिस्तियान हे त्यांचे सातवे अपत्य. मुलगा वर्षाचा झाला तेव्हा कुटुंब झांडाम या गावी गेले, आणि तिथेच वडिलांच्या हाताखाली त्याचे सुरुवातीचे शिक्षण झाले. 1875 मध्ये त्यांनी ॲमस्टरडॅम विद्यापीठात लष्करी वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला. पुढे शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले आणि 1883 मध्ये मज्जातंतूंवरच्या प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. मज्जातंतूंचा हा अभ्यास पुढे त्यांच्या कामी येणार होता.

त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले आणि लष्करी डॉक्टर म्हणून ते डच ईस्ट इंडीजला, म्हणजे आजच्या इंडोनेशियाला रवाना झाले. जावातले समारांग, मग चिलाचाप, मग सुमात्रा बेट अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. चिलाचापला असताना त्यांना मलेरियाने गाठले. तब्येत इतकी खालावली की 1885 मध्ये आजारपणाची रजा घेऊन त्यांना मायदेशी परतावे लागले. पुढच्याच वर्षी पत्नीचे निधन झाले. तिशीही न गाठलेल्या या माणसाच्या वाट्याला एवढ्यात मोडलेली प्रकृती आणि मोडलेला संसार आला होता.

या काळात ते बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेले. कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाचा आणि पुढच्या दोन वर्षांत पटकीचा जंतू दाखवून दिला होता. त्या दिवसांत वैद्यकाच्या जगात एकच वारे वाहत होते. प्रत्येक रोगामागे एक जंतू असणार आणि शोधला की तो सापडणारच, अशी खात्री होती. बर्लिनमध्येच आयकमन यांची गाठ पेकेलहारिंग आणि विंक्लर या दोन डच डॉक्टरांशी पडली. त्यांना सरकारने एका कामगिरीवर पूर्वेला पाठवायचे ठरवले होते. ती कामगिरी होती बेरीबेरीची.

बेरीबेरी म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगावे लागते, हेच एका अर्थाने या गोष्टीचे यश आहे. या आजारात आधी पायांतली ताकद जाते, पोटऱ्या दुखतात, चालताना पाऊल नीट उचलत नाही. काहींच्या अंगावर सूज चढते, धाप लागते आणि हृदय बंद पडून मृत्यू येतो. सुमात्राच्या उत्तर टोकाला आचे प्रांतात डच फौजा 1873 पासून लढत होत्या. तिथे आणि तुरुंगांत, जहाजांवर, मजुरांच्या वस्त्यांत हा आजार माणसे लोळवत होता. जपानच्या नौदलातही त्याने कहर केला होता. तिथले डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी खलाशांचा आहार बदलून तो आटोक्यात आणला. मात्र आहारातला नेमका कोणता घटक कामी आला, हे त्यांना उमगले नव्हते. युरोपातल्या बहुतेक डॉक्टरांना तर हा जंतूचाच प्रताप वाटत होता.

पेकेलहारिंग आणि विंक्लर यांच्याबरोबर आयकमन 1886 मध्ये पुन्हा पूर्वेला गेले. बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या लष्करी रुग्णालयात त्यांना प्रयोगशाळेसाठी जागा मिळाली. बेरीबेरीत मज्जातंतूंचा ऱ्हास होतो, हे या तुकडीने नीट दाखवून दिले. एक जंतू सापडल्यासारखाही वाटला. 1887 मध्ये दोघे वरिष्ठ मायदेशी परतले. काम अर्धवट राहू नये म्हणून प्रयोगशाळा कायम ठेवण्यात आली आणि जानेवारी 1888 मध्ये आयकमन तिचे संचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी बटाव्हियात दुसरे लग्न केले. स्थानिक तरुणांना डॉक्टरकीचे शिक्षण देणाऱ्या शाळेची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

आता तो जंतू पक्का करायचा होता. त्यासाठी एखाद्या प्राण्याला बेरीबेरी जडवून दाखवणे गरजेचे होते. ससे झाले, माकडे झाली, पण मनासारखे काही हाती लागेना. मग त्यांनी कोंबड्या घेतल्या. कोंबडी स्वस्त असते, थोड्या जागेत पुष्कळ ठेवता येतात. त्यांतल्या काहींना बेरीबेरीच्या रोग्यांकडून मिळवलेले जंतू टोचले आणि काहींना तुलनेसाठी तसेच ठेवले.

1889 च्या जुलैत कोंबड्या आजारी पडू लागल्या. आधी चाल अडखळली. मग पाय फाकवून त्या कशाबशा उभ्या राहू लागल्या. बसायच्या दांडीवरून घसरून पडू लागल्या. शेवटी कुशीवर पडून राहत, पंखही उचलेनात, खाणे गिळता येईना, श्वास लागे, तुरा निळा पडे आणि काही दिवसांत मरण येई. मेलेल्या कोंबड्यांचे मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर माणसाच्या बेरीबेरीत दिसतो तसाच ऱ्हास दिसला. मज्जातंतूंवर प्रबंध लिहिलेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटणे शक्य नव्हते.

जे हवे होते ते मिळाले, असे कोणालाही वाटले असते. पण एक अडचण होती. जंतू टोचलेल्या कोंबड्यांबरोबर न टोचलेल्याही आजारी पडत होत्या. एकीपासून दुसरीला लागण होत असेल, या शंकेने नव्या कोंबड्या दूर, वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवल्या. त्याही आजारी पडल्या. आणि मग नोव्हेंबरच्या अखेरीस सगळे एकाएकी थांबले. आजारी कोंबड्या सुधारल्या, नव्याने एकही आजारी पडेना. प्रयोगच खुंटला.

अशा वेळी दुसरा एखादा संशोधक वैतागून नव्या कोंबड्या आणून पुन्हा टोचू लागला असता. आयकमन यांनी मात्र कोंबड्या आजारी का पडल्या यापेक्षा त्या बऱ्या कशा झाल्या, याचा माग काढायला घेतला. खुराड्याच्या व्यवस्थेत काय बदलले, हे विचारताना उलगडा झाला. कोंबड्यांचे पाहणाऱ्या नोकराने खर्च वाचवायला रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला भात त्यांना घालायला सुरुवात केली होती. तो भात होता सैनिकांसाठीचा, पांढराशुभ्र, सडलेल्या तांदळाचा. मग स्वयंपाकी बदलला. नव्या स्वयंपाक्याला लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांनी खावा हे पटले नाही आणि त्याने भात देणे बंद केले. कोंबड्या पुन्हा आपल्या साध्या, हलक्या तांदळावर आल्या.

आयकमन यांनी तारखा ताडून पाहिल्या. पांढरा भात सुरू झाला 17 जूनला आणि बंद झाला 27 नोव्हेंबरला. आजाराने डोके वर काढले 10 जुलैला, म्हणजे भात सुरू झाल्यावर 23 दिवसांनी, आणि तो गेला नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवसांत. एका अडेलतट्टू स्वयंपाक्याने नकळत प्रयोग पुरा केला होता.

त्यानंतरची वर्षे आयकमन यांनी हा योगायोग तपासण्यात घालवली. तांदूळ जुना होता म्हणून का? शिजवल्यामुळे का? पाण्यामुळे का? एकेक शक्यता घेऊन कोंबड्यांचे गट केले, खाद्य बदलले आणि वाट पाहिली. शेवटी उरला तो तांदळाच्या दाण्यावरचा पातळ पापुद्रा. भाताचे तूस काढले की दाण्यावर एक तांबूस-करडी साल राहते. घिरटीवर भरडून, उखळात हलक्या हाताने सडलेल्या तांदळावर ती बरीच टिकते. वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या आणि ही साल पूर्ण घासून तांदूळ लखलखीत करणे सोपे झाले. कोंबड्यांना असा तांदूळ एकटाच दिला की तीन-चार आठवड्यांत त्या लुळ्या पडत. सालीसकटचा दिला की ठणठणीत राहत. आणि आजारी कोंबडीला गिरणीतला कोंडा चारला की ती पुन्हा उभी राहत असे. कोंबड्यांच्या या आजाराला त्यांनी पॉलिन्यूरायटिस गॅलिनेरम असे नाव दिले.

विलक्षण गोष्ट अशी की या कोंबड्यांना आजारी पाडणारे अन्न खराब नव्हते. त्या काळच्या समजुतीने ते उत्तम होते, खास सैनिकांसाठी निवडलेले. कोंबड्या त्यांच्या नेहमीच्या हलक्या तांदळावर ठेवल्या असत्या, तर त्यांना काही झाले नसते.

पण कोंबडीचे ते माणसाचे असे कसे म्हणायचे? ही शंका तेव्हाही घेतली गेली, आणि ती रास्तच होती. आयकमन यांनी आपले निरीक्षण जावातल्या तुरुंगांच्या आरोग्याची देखरेख करणारे डॉक्टर फोर्डरमन यांच्या कानावर घातले. तुरुंगांत कैद्यांना त्या त्या भागात मिळेल तसा तांदूळ दिला जाई. कुठे पांढरा, कुठे सालीचा, कुठे मिश्र. म्हणजे माणसांवरचा प्रयोग आपसूकच चालू होता. फोर्डरमन यांनी 101 तुरुंगांची पाहणी केली आणि 1897 मध्ये अहवाल दिला. सालीचा तांदूळ देणाऱ्या 37 तुरुंगांपैकी एकाच ठिकाणी बेरीबेरी आढळला. पांढरा तांदूळ देणाऱ्या 51 तुरुंगांपैकी 36 ठिकाणी तो होता. इमारत जुनी की नवी, हवा खेळती की कोंदट, दाटी किती, हेही त्यांनी पाहिले. त्यांतल्या कशाचाही आजाराशी असा संबंध लागला नाही.

तोवर आयकमन बटाव्हिया सोडून गेले होते. तब्येतीने पुन्हा साथ सोडली आणि 1896 मध्ये ते मायदेशी परतले. जाताना त्यांचा निष्कर्ष अर्धाच बरोबर होता. पांढऱ्या तांदळातल्या पिठूळ भागात काहीतरी विषारी तयार होते आणि सालीत त्याचा उतारा असतो, असे ते मानत होते. जंतूंच्या काळात वाढलेल्या माणसाला आजार म्हणजे बाहेरून आलेला शत्रूच वाटणार. अन्नात काहीतरी नसल्यामुळे माणूस मरू शकतो, हे त्यांच्या मनात आले नाही.

ते आले त्यांच्या जागी काम करणाऱ्या गेरिट ग्राइन्स यांच्या मनात. ग्राइन्स यांनी त्याच प्रयोगशाळेत, कोंबड्यांवरच प्रयोग पुढे नेले आणि 1901 मध्ये मांडले की सालीत एक असा घटक आहे, जो मज्जातंतूंना लागतोच आणि पांढऱ्या तांदळात तो उरत नाही. हाच घटक त्यांना मुगातही सापडला. मूग खाल्लेल्या कोंबड्या पांढऱ्या तांदळावरही लुळ्या पडत नव्हत्या. पुढे कॅसिमिर फंक या पोलिश शास्त्रज्ञाने 1912 मध्ये अशा घटकांसाठी व्हिटॅमिन हे नाव सुचवले. 1926 मध्ये यान्सेन आणि डोनाट यांनी बटाव्हियाच्या त्याच प्रयोगशाळेत कोंड्यातून त्या घटकाचे स्फटिक वेगळे केले. आज आपण त्याला थायमिन किंवा ब-1 जीवनसत्त्व म्हणतो.

आयकमन यांचे काम कोंबड्यांपुरते नव्हते. उष्ण कटिबंधात राहून युरोपियन माणसाचे रक्त पातळ होते, शरीर मंदावते, अशी तेव्हा समजूत होती. तिच्यावर वंशभेदाचे कितीतरी इमले रचले जात. आयकमन यांनी रक्तातल्या पेशी मोजल्या, श्वासोच्छ्वास मोजला आणि तिथे राहणाऱ्या युरोपियनांत व स्थानिकांत असा फरक नसल्याचे दाखवले. 1898 मध्ये ते उट्रेख्त विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला आहे का, हे ओळखायची एक सोपी चाचणी त्यांनी बसवली. पाण्याचा नमुना साखर घातलेल्या द्रवात 46 अंश सेल्सिअसला ठेवायचा. आतड्यातले जंतू असतील तर त्यात वायू तयार होतो.

1929 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आयकमन आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांना विभागून मिळाले. आयकमन तेव्हा 71 वर्षांचे होते आणि आजारपणामुळे स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. ग्राइन्स यांना मात्र त्यात वाटा मिळाला नाही, आणि याची खंत विज्ञानाच्या इतिहासकारांनी वेळोवेळी बोलून दाखवली आहे. आयकमन यांचे 5 नोव्हेंबर 1930 रोजी उट्रेख्त येथे निधन झाले. बटाव्हियाच्या त्या प्रयोगशाळेला 1938 मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

आता आपल्याकडे वळू. सिंधुदुर्गातल्या घरांत उकड्या तांदळाची पेज अजून शिजते. भात तुसासकट भिजवून, उकडून, वाळवून मग कांडला की उकडा तांदूळ होतो. उकडताना सालीतले ब-1 जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्यात मुरते. त्यामुळे नंतर साल गेली तरी त्यातले बरेचसे आत उरते. पेजेचे पाणीही आपण फेकत नाही, त्यामुळे पाण्यात उतरलेले जीवनसत्त्व पोटातच जाते. याची साक्ष मलायातून मिळाली. तिथे काम करणारे ब्रिटिश डॉक्टर ब्रॅडन यांच्या लक्षात आले की पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने मरतात आणि उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर जवळजवळ सुटतात. पुढे फ्रेझर आणि स्टँटन या दोघांनी रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना हे दोन तांदूळ वेगवेगळे देऊन तेच पडताळले आणि कोंबड्यांवरही तसेच दिसले. पेजेला गरिबाचे जेवण म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि टोपलीतली ती कोंबडी? तिच्याकडे आयकमन यांच्या नजरेने पाहायला हवे. दिवसभर मोकळी फिरणारी गावठी कोंबडी किडे, गवत, बिया, शेणातले दाणे असे कितीतरी खाते. तिला ब-1 ची वाण सहसा पडत नाही. धोका असतो तो लाडावलेल्या कोंबडीला. पिंजऱ्यात किंवा शहरातल्या गॅलरीत ठेवलेल्या, रोज ताटातला पांढरा भातच खाणाऱ्या कोंबडीचा आहार बटाव्हियाच्या त्या कोंबड्यांसारखाच होतो. मान मागे टाकून आभाळाकडे पाहत बसणे ही या कमतरतेची ठळक खूण आहे. वेळेत निदान झाले आणि डॉक्टरांनी ब-1 दिले, तर काही तासांतच सुधारणा दिसू शकते. पशुवैद्यकात इतक्या झटपट गुण येणारे आजार थोडेच.

भाताशिवायही दोन वाटांनी ही कमतरता येते. पावसाळ्यात पिल्लांना रक्ती हगवण लागते. तिच्यावरचे अँप्रोलियम हे औषध जंतूंना थायमिन मिळू देत नाही, म्हणूनच ते काम करते. पण प्रमाणाबाहेर किंवा फार दिवस दिले तर ते कोंबडीलाही थायमिनपासून वंचित ठेवते. दुकानातून पुडी आणून अंदाजाने पाण्यात टाकत राहणे म्हणून धोक्याचे. दुसरी वाट आपल्या किनाऱ्याची आहे. काही माशांच्या कच्च्या मांसात आणि आतड्यांत थायमिन मोडून टाकणारा एक पाचक पदार्थ असतो. तारली ज्या कुळातली, त्या कुळातल्या काही जातींत तो आढळला आहे. मासे साफ केल्यावरची घाण कोंबड्यांना अधूनमधून मिळाली तर बिघडत नाही. ती रोजचेच खाद्य होत असेल तर उकळून घालावी, कारण शिजवल्यावर तो पदार्थ निकामी होतो.

मात्र मान वाकडी झाली म्हणजे जीवनसत्त्वच कमी, असे घरीच ठरवू नये. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगातही मान पिळवटते. त्यात हिरवट शीट पडते, घरघर लागते आणि एकीमागून एक कोंबड्या पडत जातात. हा विषाणूचा आजार आहे, त्याला औषध नाही, लस आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात-नाकात थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी इंजेक्शन, हा रूढ क्रम. मारेक या दुसऱ्या विषाणूजन्य आजारात एक पाय पुढे आणि एक मागे ताणला जातो. ब-2 कमी पडले तर पिल्लाची बोटे आत वळतात. कुजलेले काही खाण्यात आले तर मान लुळी पडून जमिनीवर टेकते. आणि बऱ्याच कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर त्यांना हात न लावता, न कापता, न खाता आधी पशुसंवर्धन विभागाला कळवायचे. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून हा नियम महाराष्ट्राला चांगलाच माहीत आहे.

डॉक्टरकडे जाताना म्हणून काही गोष्टी आठवून जाव्यात. आजार कोणत्या दिवशी सुरू झाला, किती कोंबड्यांना झाला, त्याआधीचा महिनाभर खाद्य काय होते, ते केव्हा बदलले, कोणते औषध किती दिवस दिले, लस झाली आहे का. शक्य असेल तर सकाळची ताजी शीट कागदावर घेऊन जावी आणि मोबाइलवर कोंबडी चालतानाचे चित्रण करून ठेवावे. एक कोंबडी मेली असेल तर ती लगेच पुरून टाकण्याआधी फोनवर डॉक्टरांना विचारावे, कारण शवविच्छेदनाने बाकीच्या वाचू शकतात. खाद्यात भाताबरोबर कोंडा, भरड धान्य आणि उकडलेले मूग असू द्यावेत. कोंडा ताजा असावा, खवट झालेला घालू नये.

आयकमन यांच्याकडे जीवनसत्त्वाची सुई नव्हती. जीवनसत्त्व हा शब्दच तेव्हा नव्हता. त्यांच्याकडे होत्या दोन तारखा आणि बऱ्या झालेल्या कोंबड्यांविषयी कुतूहल. तुमच्या परसातली कोंबडी पडली, तर सुरी शोधण्याआधी तिच्याही तारखा आठवून पाहा. टोपलीत घालून दवाखान्यात नेताना ओशाळायचे तर अजिबात कारण नाही. एकेकाळी लष्करी रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांनी सहा-सात वर्षे कोंबड्यांचे पाय आणि तुरे तपासण्यात घालवली होती.